चीनमध्ये इंग्रजी शिकवत पारंपरिक कुंगफू शिकायचा आहे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहाटे शिफूंच्या, म्हणजे कुंगफूच्या वस्तादांच्या, हाताखाली सराव आणि दिवसा शाळेत इंग्रजीचे तास, असा बेत मनात धरून अनेक जण चीनची चौकशी करतात. बेत चांगला आहे आणि जमतोही. पण तो फसतो तेव्हा बहुतेक वेळा दोनच कारणांनी फसतो: चुकीचा व्हिसा, नाहीतर सकाळ खाऊन टाकणारी नोकरी. म्हणून या दोन गोष्टींबद्दल इथे जरा सविस्तर लिहिले आहे.

भारतीय पासपोर्टवर चीनमध्ये इंग्रजी शिक्षकाची नोकरी मिळते का?

फार अवघड आहे, आणि हे घरून निघण्याआधीच माहीत असलेले बरे. परदेशी माणसाने चीनमध्ये भाषा शिकवायची तर ती त्याची मातृभाषा असावी, त्याच्याकडे पदवी असावी आणि पदवीनंतरचा 2 वर्षांचा अनुभव असावा, असा नियम आहे. शिक्षणशास्त्राची किंवा भाषेची पदवी किंवा इंग्रजी अध्यापनाचे प्रमाणपत्र असेल तर अनुभवाची अट शिथिल होते. प्रमाणपत्र निदान 120 तासांचे असावे अशी अपेक्षा असते. ‘मातृभाषा’ ठरते ती बहुतेक ठिकाणी पासपोर्टवरून. ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका हेच देश धरले जातात. तुमचे इंग्रजी कितीही अस्खलित असले तरी फाइल या अटीवर अडते, मुलाखतीत नाही.

मग वाट कोणती? लंडन, न्यू जर्सी किंवा मेलबर्नला वाढलेल्या, तिथलाच पासपोर्ट असलेल्या मराठी घरातल्या मुलामुलींना इंग्रजी शिक्षकाची वाट सरळ खुली आहे. भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी विषयशिक्षक म्हणून जावे: आंतरराष्ट्रीय शाळेत इंग्रजी माध्यमातून गणित, भौतिकशास्त्र किंवा संगणक शिकवायचा. त्यासाठी त्या विषयाची पदवी, बी.एड. आणि 2 वर्षांचा शाळेतला अनुभव हा भक्कम आधार ठरतो. तिसरी वाट म्हणजे नोकरी बाजूला ठेवून, साठवलेल्या पैशांवर विद्यार्थी म्हणून जाणे. पुढची उत्तरे तिघांनाही उपयोगी पडतील.

कोणता व्हिसा घ्यायचा?

पगार घेऊन शिकवायचे तर फक्त झेड व्हिसा. आधी शाळा तुमच्या नावे कामाच्या परवान्याचे सूचनापत्र मिळवते, ते दाखवून तुम्ही भारतात व्हिसा घेता आणि चीनमध्ये उतरल्यावर 30 दिवसांच्या आत निवास परवान्यासाठी अर्ज करता. झेड व्हिसा आत शिरण्यापुरताच असतो. पुढे राहण्याचा आणि ये-जा करण्याचा आधार म्हणजे हा निवास परवाना.

फक्त शिकायला जायचे तर 180 दिवसांपर्यंत एक्स-2 आणि त्याहून जास्त काळासाठी एक्स-1. एक्स-1 साठी परदेशी विद्यार्थी घेण्याची मान्यता असलेल्या संस्थेचे कागद लागतात. डोंगरातल्या प्रत्येक कुंगफू शाळेला ही मान्यता नसते, त्यामुळे पैसे भरण्याआधी ‘तुम्ही कोणत्या व्हिसासाठी कागद देता?’ हा पहिला प्रश्न विचारा. ‘आधी पर्यटक व्हिसावर या, मग बदलून देऊ’ असे उत्तर आले तर तिथेच थांबा.

आणखी एक नियम नवखे हमखास विसरतात. हॉटेलात उतरलात तर नोंदणी हॉटेलच करते. पण भाड्याच्या खोलीत किंवा शिफूंच्या घरी राहिलात तर 24 तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन नाव नोंदवावे लागते. पत्ता बदलला की पुन्हा जायचे. या नोंदीची चिठ्ठी निवास परवान्याच्या अर्जाला जोडावी लागते, म्हणून ती जपून ठेवा.

कागदपत्रांत घोळ कुठे होतो?

नावात. आपल्याकडच्या पदवी प्रमाणपत्रावर अनेकदा आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे किंवा पतीचे आणि शेवटी आईचे नाव छापलेले असते. पासपोर्टवर नाव आणि आडनाव वेगळ्या रकान्यांत असते, आईचे नाव तर त्या ओळीत नसतेच. चिनी कार्यालयात ही दोन नावे अक्षरागणिक ताडून पाहतात. लग्नानंतर पासपोर्टवरचे नाव बदललेले असेल तर गुंता आणखी वाढतो. ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र निघण्याआधीच करून तेही साक्षांकित करून घ्या. चीनमध्ये पोचल्यावर हे काम करायला महिने जातात.

पदवी आधी राज्य पातळीवर, मग परराष्ट्र मंत्रालयाकडून आणि शेवटी चिनी वकिलातीकडून साक्षांकित होते. चीन 7 नोव्हेंबर 2023 पासून अपोस्टिल करारात (एकाच शिक्क्यावर परदेशी कागद मान्य करण्याच्या करारात) आला खरा, पण भारत आणि चीन यांच्यात तो लागू नाही. त्यामुळे नुसत्या अपोस्टिलवर भागत नाही. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळते. ते फार आधी काढू नका, कारण जुने झालेले क्लिअरन्स परत पाठवतात. पदवीचे काम पहिले सुरू करा, क्लिअरन्स शेवटी.

कुंगफू शाळा म्हणते, ‘आमच्या मुलांना इंग्रजी शिकवा, आम्ही तुम्हाला फुकट शिकवू.’ घ्यावे का?

नाही. हा देवाणघेवाणीचा प्रस्ताव कानाला फार गोड लागतो, पण राहणे-जेवण आणि शिकवणी हा मोबदलाच आहे. परवान्याशिवाय काम करणाऱ्या परदेशी माणसाला 5,000 ते 20,000 यूआन दंड होऊ शकतो आणि गंभीर प्रकरणात 5 ते 15 दिवसांची कोठडी. काम देणाऱ्याला माणशी 10,000 यूआन दंड असतो, पण देश तुम्हाला सोडावा लागतो, त्याला नाही.

परवाना असला तरी तो ठरावीक मालकाच्या नावावर असतो. तुमची शाळा तुम्हाला ‘शनिवारी आमच्या ओळखीच्या केंद्रात जाऊन या’ म्हणाली तर तेही बेकायदा ठरू शकते. विद्यार्थी व्हिसावर असताना शिकवण्या करायच्या तर संस्थेची परवानगी आणि निवास परवान्यावर तशी नोंद, दोन्ही लागतात. कुंगफू शाळेला परदेशी माणूस नेमण्याचा परवाना असेल आणि ती तुमचा झेड व्हिसा करून देणार असेल तर गोष्ट वेगळी. पण अशा शाळा थोड्या.

सरावाला वेळ मिळावा म्हणून कोणत्या प्रकारची नोकरी धरावी?

पारंपरिक शिफू बागेत भेटतात ते पहाटे. सहा ते आठ हा खरा वेळ. साडेआठपर्यंत म्हातारी माणसे भाजी घेऊन घरी गेलेली असतात. तेव्हा पगाराआधी पहिला तास किती वाजता सुरू होतो ते विचारा.

विद्यापीठातली नोकरी आमच्या मते सर्वांत योग्य. आठवड्याला साधारण 14 ते 16 तासिका, राहायला आवारातच खोली, वसंतोत्सवाच्या, म्हणजे चिनी नववर्षाच्या, आसपास लांब सुट्टी आणि उन्हाळ्यात त्याहून लांब. पगार शाळांपेक्षा कमी असतो, पण ज्याला गुडघे आणि श्वास घडवायचे आहेत त्याला वेळच हवा असतो. सरकारी शाळेत 40-45 मिनिटांच्या 16 ते 20 तासिका असतात. पहिली तासिका आठच्या सुमाराला, त्यामुळे बागेतून सातला निघावे लागते. दुपार मात्र बऱ्याचदा मोकळी मिळते. बालवाडीत सकाळी आठ ते संध्याकाळी पाच अडकून पडता आणि मुलांमागे धावून पाय आधीच थकतात.

खासगी शिकवणी केंद्रांचे गणित उलटे. तिथे काम संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी, म्हणजे सकाळ पूर्ण तुमची. एकेकाळी कुंगफूसाठी येणारे हीच नोकरी धरत. जुलै 2021 मध्ये सरकारने शाळकरी मुलांच्या खासगी शिकवण्यांवर कडक निर्बंध आणले आणि अशी असंख्य केंद्रे बंद पडली. उरलेल्यांत मोठ्यांना इंग्रजी शिकवणारी केंद्रे आहेत, पण त्यांचा परवाना नीट तपासल्याशिवाय सही करू नका.

करारात शिकवण्याचे तास आणि ‘कार्यालयात बसण्याचे तास’ वेगळे लिहून घ्या. सुट्टीतल्या शिबिरांना यायचे की नाही तेही लिहून घ्या, कारण जुलैत छनज्याकोउला, ताइचीच्या गावाला, जायचे ठरवलेले असते आणि शाळा तेव्हाच उन्हाळी शिबिर लावते. कराराच्या दोन भाषांतल्या मजकुरांत फरक निघाला तर बहुधा चिनी मजकूर ग्राह्य धरतात. तो जाणकाराकडून वाचून घ्या.

कोणती शैली कुठे शिकावी?

आधी शैली ठरवा, मग शहर, मग शाळा. बहुतेक जण उलट करतात आणि शांघायला नोकरी घेऊन तिथे वूदांग डोंगरातली शैली शोधत बसतात.

छन शैलीच्या ताइचीसाठी हनान प्रांतातल्या वन तालुक्यातले छनज्याकोउ गाव. सतराव्या शतकात छन वांगथिंग यांच्या घराण्यात ही शैली घडली. नोकरी जवळच्या ज्याओत्सो किंवा चंगचौ शहरात शोधता येते. ताइचीच्या यांग आणि वू (हाओ) शैलींचे मूळ हबेई प्रांतातल्या योंगन्येनच्या जुन्या तटबंदीच्या गावात. हबेईतच त्सांगचौ हा बाजीच्वान आणि पीग्वा यांचा इलाखा. याच प्रांतात सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी काम केले आणि 1942 मध्ये तिथेच देह ठेवला. तिथल्या जुन्या माणसांना ते ‘ख तिहुआ’ म्हणून ठाऊक आहेत. महाराष्ट्राचे आहोत असे सांगताना त्यांचे नाव घेतले की बोलणे सोपे होते.

शिंगयीसाठी शान्शीतले थायगू, विंग चुन आणि हुंग गार यांच्यासाठी दक्षिणेत फोशान आणि हाँगकाँग, श्वेत बगळ्याच्या शैलीसाठी फूच्येनमधले योंगछुन. बेजिंग आणि थ्येनचिनमध्ये बागुआ, शिंगयी, ताइची सगळेच मिळते, नोकऱ्याही मिळतात. पहिल्यांदा जाणाऱ्याला आम्ही थ्येनचिन सुचवू: शहर मोठे, खर्च बेजिंगपेक्षा कमी आणि जुन्या शिफूंची परंपरा दांडगी.

शाओलिनसाठी दंगफंग. पण तिथल्या मोठ्या शाळांत हजारो चिनी मुले सैनिकी शिस्तीत राहून शिकतात. नोकरी सांभाळून अर्धवेळ शिकण्याची ती जागा नाही. तिथे महिना-दोन महिने पूर्णवेळ जावे.

शिफू कसे शोधायचे आणि त्यांच्याशी वागायचे कसे?

शिफू म्हणजे आपल्या तालमीतले वस्ताद. तेवढे ध्यानात ठेवले तरी निम्म्या चुका टळतात.

बागेत तीन-चार सकाळ नुसते लांब उभे राहून पाहा. शिफूंपेक्षा त्यांचे दहा वर्षांचे जुने विद्यार्थी पाहा. त्यांच्या हालचालीत शिफूंची छाया दिसते का? त्यांचे गुडघे ठीक आहेत का, की सगळ्यांनी पट्टे बांधलेत? शिफू हात लावून चूक दाखवतात की पुढे उभे राहून नुसते करून दाखवतात? त्वेइ शौ, म्हणजे जोडीने हात लावून ढकलण्याचा सराव, तिथे होतो का? तो होत नसेल तर तुम्ही व्यायामाची मालिका शिकाल, लढण्याची कला नाही.

मग ओळख काढा. एखाद्या जुन्या विद्यार्थ्यामार्फत विचारले तर बरे. पहिल्या दिवशी फळे किंवा चहा न्यावा, दोन्ही हातांनी द्यावा. घड्याळ भेट देऊ नये, ते तिथे अशुभ मानतात. दहा मिनिटे आधी पोचावे. न विचारता मोबाइलवर चित्रण करू नये. फी किती ते विचारायला लाजू नका, पण ते चारचौघांत विचारू नका. वसंतोत्सवाला लाल पाकीट द्यायची पद्धत आहे.

एकाच शैलीचे दोन शिफू एकाच वेळी धरणे हा सर्वांत मोठा अपराध. दुसऱ्या शैलीचे शिकायचे असेल तर आधी परवानगी मागा.

बाइशी म्हणजे काय? ते करावे का?

बाइशी म्हणजे शिष्यत्व घेण्याचा विधी: विनंतीपत्र, वाकून नमस्कार, चहाचा पेला, साक्षीदार. त्यानंतर तुमचे नाव घराण्याच्या वंशावळीत जाते आणि तुमच्यावर जबाबदाऱ्याही येतात: शिफूंच्या घरच्या कार्याला जाणे, आजारपणात पाहणे, गुरुबंधूंचा मान ठेवणे. वर्षभरासाठी आलेल्या माणसाने हे मागू नये. कोणी दोन आठवड्यांत, ठरावीक रक्कम घेऊन आणि प्रमाणपत्रासह बाइशी करून देत असेल तर ती विक्री आहे.

गुडघे दुखू लागतात, ते का? काय करावे?

हा प्रश्न सर्वांना येतो आणि शिक्षकांना जास्त, कारण ते दिवसाचे चार-पाच तास फळ्यासमोर उभे असतात.

गुडघा बिजागरीसारखा आहे. तो वाकतो आणि सरळ होतो, फिरतो मात्र अगदी थोडा. फिरण्याचे काम खुब्याचे. छन शैलीत वळताना नवखा माणूस सगळे वजन डाव्या पायावर ठेवून तेच पाऊल बाहेर फिरवू पाहतो. मांडी वळते, पाऊल जमिनीला चिकटलेले राहते आणि मधला गुडघा ओल्या कपड्यासारखा पिळला जातो. दुखणे आतल्या बाजूने सुरू होते. उपाय असा: आधी वजन दुसऱ्या पायावर न्या, चवडा जरा उचला, टाच जमिनीवर ठेवून खुब्यातून पाऊल फिरवा, मगच वजन परत आणा. शिफू स्वतः वजन ठेवूनही वळताना दिसतील. त्यांचा खुबा तीस वर्षांत मोकळा झालेला असतो, त्यांची नक्कल करू नका.

दुसरी चूक माबूत, म्हणजे घोडेस्वारासारख्या बैठकीत. पावलांमधले अंतर खांद्यांच्या दीडपट ठेवा. रात्री दिवा लावून खिडकीच्या काचेसमोर उभे राहिले की प्रतिबिंब दिसते. गुडघ्याच्या वाटीचा मध्य पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत आहे का ते पाहा. वाटी आत, अंगठ्याच्या बाजूला, पडत असेल तर बैठक वर घ्या. वाटी रेषेत राहते तेवढीच खाली जा, मग ती शेजारच्या आजोबांपेक्षा कितीही उंच दिसो.

तिसरे कारण थंडी. हनान-हबेईत जानेवारीच्या पहाटे तापमान शून्याच्या खाली असते. गुडघ्यांवर लोकरीचे आवरण घाला आणि पहिली 15 मिनिटे फक्त सांधे फिरवा. हवेच्या प्रदूषणाचा निर्देशांक 150 च्या वर असेल त्या दिवशी बाहेर सराव नको.

लहानपणापासून मांडी घालून जेवणाऱ्यांचे खुबे बरेच मोकळे असतात, त्याचा इथे खरोखर फायदा होतो. सूज आली, जिना उतरताना गुडघा सुटल्यासारखा वाटला किंवा अडकू लागला तर सराव थांबवून अस्थितज्ज्ञाकडे जा.

वर्षभरात किती शिकून होते?

रोज दीड तास दिला तर छन शैलीची पहिली मालिका, लाओज्या यीलू, चार-सहा महिन्यांत पाठ होते. सत्तरहून अधिक हालचाली आहेत. पाठ होणे म्हणजे सुरुवात. उरलेले सहा महिने दुरुस्तीत जातात आणि ते चांगलेच आहे. 1956 मध्ये तयार केलेली 24 हालचालींची सोपी मालिका महिन्याभरात येते, पण ती शिकायला चीनला जायची गरज नाही. ज्यासाठी तिथे जायचे ते म्हणजे शिफूंच्या हाताचा स्पर्श.

रोजचा दीड तास असा वाटावा: 15 मिनिटे सांधे, 10 ते 20 मिनिटे जान च्वांग म्हणजे स्थिर उभे राहणे (पहिल्या आठवड्यात 5 पुरे), अर्धा तास एकच हालचाल, उरलेल्या वेळात मालिका. नवी हालचाल मागू नका. शिफू आपणहून देतात तेव्हाच ती घ्यायची वेळ झालेली असते.

चिनी भाषा किती यायला हवी?

सुरुवातीला शरीराचे शब्द: याओ (कंबर), ख्वा (खुबा आणि जांघ), फांगसोंग (सैल सोड), छन (खाली बसव), त्सुओ आणि योउ (डावे, उजवे). फांगसोंग हा शब्द पहिल्या वर्षी हजारदा ऐकाल. खेड्यातले शिफू हनानच्या बोलीत बोलतात, तेव्हा पुस्तकी चिनी येत असूनही गोंधळायला होते.

इंग्रजीच्या तासात या सरावाचा उपयोग होतो का?

होतो. चाळीस मुलांच्या वर्गात पहिली सात मिनिटे आज्ञांचा खेळ घ्या: ‘स्टेप लेफ्ट’, ‘टर्न’, ‘बेंड युअर नीज’, ‘रेज बोथ हँड्स’. आधी तुम्ही बोलत करून दाखवा, मग न करता फक्त बोला, मग एखाद्या मुलीला आज्ञा द्यायला पुढे बोलवा. आठ-दहा आज्ञांपेक्षा जास्त नकोत. लाथ मारणे खेळात आणू नका, बाकांच्या कडा गुडघ्यांना लागतात आणि तक्रार मुख्याध्यापकांकडे जाते. आवाज बसत असेल तर जान च्वांगमधला पोटापर्यंतचा श्वास वर्गातही वापरा.

शाकाहारी माणसाचे कसे होते?

‘वो छ सू’ म्हणजे मी शाकाहारी आहे, पण तेवढे पुरत नाही. भाजी डुकराच्या चरबीत परतलेली किंवा कोंबडीच्या अर्काची पूड (जीजिंग) घातलेली असू शकते. ‘मांस नको, मांसाचे तेल नको, जीजिंग नको’ असे चिनीत लिहून मोबाइलमध्ये ठेवा. बौद्ध शाकाहारी खानावळी जवळपास सर्व शहरांत आहेत, तिथे कांदा-लसूणही बहुधा नसतो. खोलीत इंडक्शन आणि घरून नेलेला कुकर असला की वरण-भात सुटत नाही.

बोधिधर्माने शाओलिनला युद्धकला शिकवली, हे खरे का?

ही दंतकथा आहे. बोधिधर्म हा भारतातून गेलेला बौद्ध भिक्षू; त्याच्याशी व्यायामाचा संबंध जोडणारा मजकूर सतराव्या शतकातला, म्हणजे त्याच्यानंतर हजारहून अधिक वर्षांनी लिहिलेला. शिफू कौतुकाने विषय काढतील, ‘तुमच्याकडूनच आले’ म्हणतील. ते प्रेमाने बोलतात, तेव्हा वाद घालू नये. पण आपण होऊन श्रेय घेऊही नये.

नोकरी सोडताना काय सांभाळावे?

करारात लिहिलेली मुदत पाळून लेखी नोटीस द्या. शाळेकडून दोन कागद हातात घेतल्याशिवाय शहर सोडू नका: कामाचा परवाना रद्द केल्याचा दाखला आणि सोडल्याचे पत्र. ते नसतील तर पुढची शाळा तुमचा परवाना हलवू शकत नाही. परवान्याच्या मुदतीपलीकडे राहिलात तर दिवसाला 500 यूआन, कमाल 10,000 यूआन दंड आहे.

शिफूंना निदान दोन महिने आधी सांगा. मग ते नवे शिकवणे थांबवतात आणि जे दिले आहे ते पक्के करून घेतात. शेवटच्या आठवड्यात परवानगी घेऊन तुमची स्वतःची मालिका चित्रित करा आणि त्यांना शेजारी उभे राहून चुका मोठ्याने सांगू द्या. त्यांच्या आवाजासकट ते चित्रण पुढची दोन-तीन वर्षे पुरते.